एमआरआयवरून प्रोस्टेटची सूज आणि कर्करोग वेगळे ओळखता येतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६४. महिन्याभरापूर्वी त्यांना थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होत होती. त्याच आठवड्यात केलेल्या रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) ८.४ आला. सात दिवस अँटिबायोटिक झालं आणि तीन आठवड्यांनी कॉन्ट्रास्ट न देता एमआरआय झाला. रिपोर्टात लिहिलंय: दोन्ही बाजूंच्या पेरिफेरल झोनमध्ये टी२ (एमआरआय चित्राचा एक प्रकार) सिग्नल पसरट कमी, उजवीकडे ९ मिलिमीटरचा एक भाग, पाय-रॅड्स ३ (कर्करोगाच्या संशयाचा १ ते ५ मधला गुण), प्रोस्टेटायटिस म्हणजे प्रोस्टेटची सूज शक्य, कर्करोग नाकारता येत नाही. प्रोस्टेटचं आकारमान ४६ घनसेंटिमीटर. डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली आहे. तुम्हाला विचारायचं आहे की सूज आहे की कर्करोग हे एमआरआयवरून नक्की का कळत नाही, आणि कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा केला तर कळेल का.

मी प्रोस्टेटचे एमआरआय वाचते, त्यामुळे त्या बाजूने सांगते. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. एक, एमआरआयला मुळात हा फरक दिसतो का. दोन, वडिलांच्या बाबतीत पीएसए आणि एमआरआय या दोन्ही तपासण्या योग्य वेळी झाल्या का. माझ्या मते तुमच्या घरी पुढचा निर्णय दुसऱ्या प्रश्नावर जास्त अवलंबून आहे. पण पहिला समजल्याशिवाय दुसऱ्याचं महत्त्व लक्षात येणार नाही.

एमआरआयला कर्करोगाची पेशी दिसत नाही आणि सुजेची पेशीही दिसत नाही. त्याला पाणी दिसतं: किती आहे, कुठे आहे, किती मोकळेपणी हलतंय. निरोगी पेरिफेरल झोन म्हणजे प्रोस्टेटचा मागचा-बाहेरचा भाग. तो पाण्याने भरलेल्या स्पंजासारखा असतो, म्हणून टी२ चित्रात पांढरा चमकतो. कर्करोगात पेशी दाटीवाटीने वाढून ग्रंथींच्या पोकळ्या भरून टाकतात, द्रव कमी होतो आणि तो भाग काळा दिसतो. सुजेत पांढऱ्या पेशी ऊतीत गर्दी करतात, ग्रंथींची रचना बिघडते आणि तो भागही काळा दिसतो. जुना व्रण, आकसलेल्या ग्रंथी, बायोप्सीनंतर साचलेलं रक्त, सगळं टी२ मध्ये काळंच. म्हणून टी२ चित्र पेरिफेरल झोनमध्ये एवढंच सांगतं की इथली नेहमीची घडण राहिलेली नाही. ती का राहिली नाही, हे एकट्या टी२ ला सांगता येत नाही.

पेरिफेरल झोनमध्ये गुण देताना त्यामुळे मुख्य भार डिफ्यूजनवर असतो. पाय-रॅड्स ही गुणपद्धत २०१२ मध्ये आली, २०१५ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली आणि सध्या वापरात आहे ती २०१९ची २.१ आवृत्ती. तिच्यात पेरिफेरल झोनचा गुण डिफ्यूजन ठरवतं आणि आतल्या ट्रान्झिशन झोनचा गुण प्रामुख्याने टी२ ठरवतं. डिफ्यूजनमध्ये पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात ते मोजलं जातं. पेशींची गर्दी जितकी दाट तितकी पाण्याची वाट अडते. मग एडीसी नकाशावर (पाणी किती मोकळं फिरतं ते आकड्यांत दाखवणारं चित्र) तो भाग काळा आणि जास्त बी-व्हॅल्यूच्या चित्रावर पांढरा दिसतो. ही बी-व्हॅल्यू, म्हणजे पाण्याची हालचाल टिपण्यासाठी मशीनवर ठरवलेली तीव्रता, १४०० किंवा त्याहून जास्त असावी लागते. बी-१००० पर्यंतच थांबलेल्या तपासणीत निरोगी ऊतीही बऱ्यापैकी पांढरी राहते आणि लहान गाठ तिच्यात हरवते.

दोन्ही चित्रं एकत्रच पाहावी लागतात. जास्त बी-व्हॅल्यूवर पांढरं आणि एडीसीवरही पांढरं असेल, तर तिथे अडथळा नाही, फक्त पाणी जास्त आहे. दोन्हीकडे ठळक आणि त्यातही एका ठिकाणी गोळा झालेला बदल असेल तरच ४ किंवा ५ गुण मिळतो. १.५ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ४. तेवढा किंवा मोठा असेल, अथवा प्रोस्टेटबाहेर स्पष्ट पसरलेला असेल, तर ५. दोन्हींपैकी एकातच ठळक असेल किंवा दोन्हींत मध्यम असेल तर ३. वडिलांचा गुण या तिसऱ्या खणात बसला आहे.

सुजेत एडीसी कमी होतो, पण सहसा कर्करोगाइतका नाही, कारण पांढऱ्या पेशींच्या मध्ये सुजेचं पाणी मोकळं असतं. आकड्यांत सांगायचं तर ७५० ते ९०० च्या खाली गेलं की कर्करोगाचा संशय वाढतो आणि निरोगी पेरिफेरल झोन साधारण १२००च्या वर असतो. (काही रिपोर्टांत हाच आकडा ०.७५ असा लिहितात; एकक वेगळं, अर्थ तोच.) पण या आकड्याला चिकटून बसू नका. मशीन, निवडलेल्या बी-व्हॅल्यू आणि मोजायला आखलेलं वर्तुळ बदललं की आकडा बदलतो. शिवाय सूज आणि कर्करोग यांच्या आकड्यांचे पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत. ९५० एडीसीची सूज असते, तसाच ९५० एडीसीचा विरळ पेशींचा कर्करोगही असतो. मी आकड्यापेक्षा तुलना जास्त मानते: तोच भाग त्याच प्रोस्टेटच्या विरुद्ध बाजूच्या भागापेक्षा किती वेगळा आहे?

आणि आकार. माझ्या दृष्टीने आकार सर्वांत जास्त बोलतो. पेरिफेरल झोनमधल्या बारीक नळ्या मूत्रमार्गाकडून बाहेर, पंख्याच्या काड्यांसारख्या पसरतात. दाह बहुतेक वेळा या नळ्यांच्या आणि त्यांच्या कप्प्यांच्या वाटेने जातो. म्हणून तो पाचरीसारखा दिसतो, टोक आत आणि रुंद बाजू बाहेरच्या आवरणाला टेकलेली. किंवा रेघोट्यांसारखा, किंवा दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला. कर्करोग हे कप्पे जुमानत नाही. तो गोल, लंबगोल किंवा भिंगाच्या आकाराचा गोळा होतो, शेजारची ऊती ढकलतो, कधी आवरणाला फुगवटा आणतो. पाचर किंवा रेघ दिसली की पाय-रॅड्समध्ये डिफ्यूजनचा गुण २ असतो, तो याच कारणाने.

आता कॉन्ट्रास्टचा प्रश्न. खूप जणांना वाटतं की इंजेक्शन दिलं की दूध का दूध होईल. या एका प्रश्नासाठी तसं होत नाही. गॅडोलिनियम, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध, रक्तपुरवठा वाढलेल्या आणि गळक्या केशवाहिन्या असलेल्या भागात लवकर शिरतं. कर्करोगात तसा रक्तपुरवठा असतो आणि सुजेतही असतो. उलट एक धोका आहे. नियमानुसार पेरिफेरल झोनमध्ये डिफ्यूजनचा गुण ३ असेल आणि तोच भाग कॉन्ट्रास्ट लवकर शोषत असेल, तर एकूण गुण ४ होतो. ताजी सूज असलेल्या माणसात हा बढतीचा नियम सुजेलाच ४ वर नेऊन ठेवू शकतो. कॉन्ट्रास्टचा खरा उपयोग दुसरीकडे आहे: डिफ्यूजनची चित्रं बिघडलेली असतील, खुब्याच्या सांध्यात धातू असेल, किंवा गळू झाल्याची शंका असेल तेव्हा. गळूची कड चमकते, मधला भाग चमकत नाही आणि टी२ वर आत द्रव दिसतो. वडिलांचा ताप उतरला असेल, तर निव्वळ सूज की कर्करोग एवढ्यासाठी मी आत्ता कॉन्ट्रास्ट मागणार नाही.

एक अपवाद आवर्जून सांगायला हवा, कारण तिथे वरचे सगळे नियम फसतात. ग्रॅन्युलोमॅटस प्रोस्टेटायटिस नावाचा दाह हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो: टी२ वर गडद काळा गोळा, एडीसी फार कमी, बोटाने तपासताना कडक गाठ, कधी तर आवरणाबाहेर गेल्यासारखंही. चित्र पाहून प्रामाणिकपणे ५ गुण द्यावा लागतो. मूत्राशयाच्या कर्करोगासाठी बीसीजीचं (क्षयाच्या लसीतलंच) औषध मूत्राशयात सोडलं असेल, किंवा क्षयरोगाचा इतिहास असेल, तर हा दाह डोक्यात असायलाच हवा. मधोमध कॉन्ट्रास्ट न घेणारा मृत भाग आणि भोवती चमकती कडा असं दिसलं तर मी रिपोर्टात तसं लिहिते, पण त्यावरून बायोप्सी टाळा असं लिहीत नाही. इथे निकाल सुईच देते. वडिलांना असं काही औषध दिलं गेलं असेल आणि ते रेडिओलॉजिस्टला सांगितलं नसेल, तर ताबडतोब सांगा. अर्ज भरताना ही माहिती फार वेळा सुटते.

ट्रान्झिशन झोनबद्दल थोडंच सांगते, कारण वडिलांचा भाग तिथला नाही. वयानुसार वाढणाऱ्या साध्या गाठी तिथेच असतात. तिथे चित्र बिघडवतात ते बहुतेक वेळा याच गाठींमधले तंतुमय, काळे गोळे. कर्करोग तिथे कोळशाच्या रेघेवर बोट फिरवल्यासारखा, कडा पुसट आणि भिंगाकार दिसतो.

आता वेळेचा मुद्दा. ८.४ हा पीएसए तापाच्या आठवड्यातला आहे. पीएसएचा रक्तातला अर्धा-काळ दोन-तीन दिवसांचा असला तरी सुजलेल्या ग्रंथीतून तो झिरपत राहतो, त्यामुळे संसर्ग आटोक्यात आल्यावरही आकडा खाली यायला कित्येक आठवडे लागतात. उपचार संपल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी केलेला पीएसए जास्त विश्वासार्ह असतो. काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. एमआरआयचंही तसंच. लक्षणं गेली म्हणून ऊतीतली सूज लगेच जात नाही. तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत दोन्ही बाजूंना पसरलेला काळेपणा दिसणं अपेक्षितच होतं. अडचण त्या काळेपणात नाही. त्या काळेपणामुळे ९ मिलिमीटरच्या भागाची कड झाकली जाते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर जो डाग ठळक दिसला असता किंवा नसता, तो करड्या पार्श्वभूमीवर संशयास्पद म्हणून ३ वर थांबतो.

आत्ताचे आकडे घेऊन पीएसए घनता काढली तर ८.४ भागिले ४६, म्हणजे ०.१८. ०.१५च्या वर गेलं की आम्ही सावध होतो, म्हणून हे वाढलेलंच दिसतं. पण अंशातला आकडा संसर्गातला आहे. समजा आठ आठवड्यांनी पीएसए ४.६ वर आला, तर घनता ०.१० होते आणि त्याच पाय-रॅड्स ३ चा अर्थ बदलतो. ८ वरच राहिला, तर संशय खराच होता असं समजून पुढे जायचं. रिपोर्टातलं आकारमान एकदा स्वतः ताडून पाहा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ०.५२ ने गुणायचं. तीन मापांपैकी एक चुकीचं पडलं की घनता पार बदलते. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड सुरू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर ही औषधं पीएसए जवळपास निम्म्यावर आणतात, म्हणून आकडा दुप्पट करून वाचावा लागतो.

३ गुणाचं वजन किती, याचा अंदाज येण्यासाठी एक अभ्यास सांगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. एमआरआय गटात उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाचा कर्करोग ३ गुणवाल्यांपैकी १२ टक्क्यांत, ४ गुणवाल्यांपैकी ६० टक्क्यांत आणि ५ गुणवाल्यांपैकी ८३ टक्क्यांत सापडला. त्याआधी २०१७ मध्ये ५७६ पुरुषांवरच्या प्रॉमिस अभ्यासात असा कर्करोग पकडण्याची एमआरआयची संवेदनशीलता ९३ टक्के होती, पण विशिष्टता फक्त ४१ टक्के. म्हणजे महत्त्वाचा कर्करोग क्वचित सुटतो, मात्र संशय म्हणून दाखवलेल्यांत कर्करोग नसलेलेही खूप निघतात. त्या जास्तीच्या संशयितांत सुजेचा वाटा मोठा असतो. तुमच्या रिपोर्टात ‘नाकारता येत नाही’ लिहिलंय ते टाळाटाळ म्हणून नाही. त्या दिवशीच्या चित्रांवरून त्यापुढे जाणं चुकीचं ठरलं असतं.

मग काय करायचं? तुमच्या वर्णनात आणखी काही लपलेलं नाही असं धरून, मी युरोलॉजिस्टशी या क्रमाने बोलले असते. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर, संसर्ग खरंच गेला का यासाठी. तापासह आलेल्या प्रोस्टेटच्या संसर्गाला सहसा दोन ते चार आठवड्यांचं औषध लागतं, त्यामुळे सात दिवस पुरले का हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा. मग उपचार संपल्यापासून सहा ते आठ आठवड्यांनी पीएसए. त्याआधी दोन दिवस वीर्यस्खलन आणि सायकल टाळायची. पीएसए पुरेसा उतरला तर लगेच सुई नको. साधारण तीन महिन्यांनी एमआरआय पुन्हा, शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच पद्धतीने, म्हणजे चित्रं शेजारी-शेजारी ठेवता येतात. पसरट काळेपणा ओसरला आणि ९ मिलिमीटरचा भागही विरला, तर ती सूज होती. पार्श्वभूमी पांढरी झाली आणि तो भाग तसाच गोल, काळा उभा राहिला, तर आता लक्ष्य स्पष्ट आहे आणि बायोप्सी जास्त अचूक होईल.

ही वाट पाहणं प्रत्येकाला लागू नाही. बोटाने तपासताना कडक गाठ लागली असेल, वडिलांच्या भावाला किंवा तुमच्या आजोबांना प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल, घरात कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए२ जनुकदोष असेल, गुण ४ किंवा ५ असेल, किंवा संसर्ग जाऊनही पीएसए चढत असेल, तर मी तीन महिने थांबायला सांगणार नाही. मात्र संसर्ग सुरू असताना बायोप्सी करू नये हे सगळ्यांनाच लागू आहे, कारण जंतू रक्तात जाऊन जिवावर बेतू शकतं. आणि लक्षणं नसताना फक्त पीएसए वाढलाय म्हणून अँटिबायोटिक देऊन पाहणं, ही अजून टिकून असलेली सवय मला पटत नाही. त्यानंतर पीएसए थोडा उतरला म्हणजे कर्करोग नाही असं सिद्ध होत नाही, तो औषधाशिवायही वरखाली होतो. वडिलांची गोष्ट वेगळी, त्यांना खरी लक्षणं होती.

एमआरआय पुन्हा करायचा ठरला तर तयारीकडे लक्ष द्या. गुदाशयात गॅस असेल तर डिफ्यूजनचं चित्र नेमकं पेरिफेरल झोनपाशीच ताणलं-दाबलं जातं आणि खोटे डाग दिसतात. तपासणीच्या थोडं आधी शौचाला जाऊन येणं हा साधा उपाय खूप काम करतो. मध्ये बायोप्सी झाली असेल तर निदान सहा आठवडे जाऊ द्या, नाहीतर साचलेलं रक्त टी२ आणि एडीसी दोन्ही काळे करतं. टी१ चित्रावर ते पांढरं दिसतं, म्हणून टी१ घेतलंय का तेही पाहा. १.५ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद) चांगलं चालवलेलं मशीन पुरतं, ३ टेस्लासाठी अडून बसू नका. आधीच्या तपासणीची सीडी सोबत न्या, नुसता छापील रिपोर्ट नको. ३ गुणाच्या बाबतीत दोन वाचकांचं मत वेगळं पडणं नेहमीचं आहे, त्यामुळे नेहमी प्रोस्टेट वाचणाऱ्या दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला तीच चित्रं दाखवण्यात काही गैर नाही.

बायोप्सी झालीच तर निकाल आल्यावर एक गोष्ट नक्की तपासा. संशयित भागातून सहसा तीन ते पाच तुकडे घेतात, शिवाय उरलेल्या ग्रंथीतून ठरलेल्या जागांचे. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात संशयित भागाच्या तुकड्यांत ‘दाट जुनाट दाह’ किंवा ‘ग्रॅन्युलोमा’ (दाहाच्या पेशींची बारीक गाठ) असं स्पष्ट लिहिलं असेल, तर एमआरआयवर काळं का दिसलं याचं कारण मिळालं आणि दोन्ही रिपोर्ट जुळतात. पण तिथे फक्त ‘साधी प्रोस्टेट ऊती’ लिहिलं असेल आणि एमआरआयवर ठळक गोळा असेल, तर मी त्याला कर्करोग नसल्याचा पुरावा मानत नाही. सुई त्या भागात पोहोचली नसण्याचीही शक्यता असते. अशा वेळी रेडिओलॉजिस्ट, युरोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी चित्रं आणि तुकड्यांच्या जागा एकत्र बसून पाहाव्यात, आणि मग पुन्हा बायोप्सी की सहा ते बारा महिन्यांनी एमआरआय हे ठरवावं. नव्या पीएसएचा आकडा आला की इथे लिहा, आणि एडीसीचा आकडा रिपोर्टात असेल तर तोही.